वडिलांच्या भजनाच्या वह्या आणि झील धरणारा दुसरा आवाज

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझे वडील परळच्या एका गिरणीत सांचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, होते. गाव राजापूर तालुक्यात. गिरणी बंद पडल्यावर आम्ही नालासोपाऱ्याला राहायला गेलो. बाबा गावच्या भजन मंडळात बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, होते. गेल्या वर्षी ते वारले. मी जर्मनीत नोकरी करतो, शेवटच्या वेळी पोचू शकलो नाही. त्यांची बाजाची पेटी आणि भजनाच्या वह्या मी इकडे आणल्यात. रात्री त्यांच्या आवडीची भजनं ऐकत बसतो आणि आणखीच खचतो. गाण्याने दुःख हलकं होतं म्हणतात, ते खरं आहे का? मला गाता येत नाही. या वह्यांचं मी काय करू?"

रात्री एकट्याने हेडफोन लावून भजनं ऐकणं काही दिवस बंद करा, हे पहिलं सांगतो. तुमच्या वडिलांचं गाणं ज्या पद्धतीने बांधलेलं आहे, त्यात गप्प बसून ऐकणाऱ्याला जागाच नाही. बुवा ओळ टाकतो आणि ती मंडळाने उचलायची असते. तुम्ही ती उचलत नाही, त्यामुळे ती तुमच्यापाशी येऊन थांबते. रात्रभर अशा ओळी साचत गेल्या तर माणूस खचणारच.

मी पखवाज वाजवतो आणि शिकवतो. लालबाग-परळच्या मंडळांत वाढलो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय किंवा ज्यांचं गाव सुटलंय, अशा लोकांना एकत्र बसवून त्यांच्याकडून गाऊन घ्यायचं काम गेली कित्येक वर्षं करतोय. तुमच्यासारखे प्रश्न मला पुष्कळदा येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे वडील कुठे गायला शिकले ते डोळ्यांपुढे आणा. मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली १८५४ साली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं गिरणगावात येत राहिली. बहुतेक पुरुष एकटेच यायचे. बायको, म्हातारे आईबाप, जमिनीचा तुकडा, सगळं गावी. इथे गावकीची, म्हणजे गावच्या लोकांची मिळून, एक खोली, तिच्यात पाळ्या लावून झोपणारी माणसं, जेवण खानावळीत, ट्रंक फळीवर. दिवसपाळीचे उठले की त्याच जागेवर रातपाळीचे आडवे व्हायचे. रडायला कोपरा मिळेल अशी ती खोली नव्हती. पण खुंटीला मृदंग असायचा, फळीवर टाळ असायचे, आणि एकादशीला किंवा सुट्टीच्या आदल्या रात्री सतरंजी पडायची.

मंडळ चाळीचं नसायचं, गावाचं असायचं. शेजारच्या खोलीत दुसऱ्या गावाचं दुसरं मंडळ. कुणाची मनीऑर्डर पोचली नाही, कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या बापाने अंथरूण धरलंय, हे सगळं पेटीचा भाता सुटायच्या आधी तिथेच कळायचं. कुणी मुंबईत वारलं तर टाळ वाजवत स्मशानापर्यंत जाणारी माणसंही हीच. सांचाखात्यात मागांच्या खडखडाटात शेजारचा काय बोलतोय ते ओठांवरून ओळखावं लागे. आठ-आठ तास त्या आवाजात उभी राहिलेली माणसं रात्री सतरंजीवर बसली की असा आवाज लावायची की खालच्या मजल्यावरचे जागे व्हावेत. गिरणगावच्या बुवांच्या त्या चढ्या, खणखणीत आवाजात सांचाखात्याचा वाटा आहे असं मला नेहमी वाटत आलंय.

आता भजन चालतं कसं ते बघा. बुवा पेटीवर ध्रुपदाची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी, ओळ सांगतो. मागचे ती जशीच्या तशी उचलतात. बुवा तीच ओळ फिरवून, एखादी जागा (सुरांची नक्षी) घेऊन पुन्हा टाकतो, मागचे मात्र साधीच म्हणतात. मग कडवं, कडव्यानंतर पुन्हा ध्रुपद. लय चढते, पखवाज दुगुणीत जातो, झांज बोलायला लागते, आणि शेवटच्या गजरात बुवा कोण आणि कोरस कोण हा फरक उरतच नाही. ओळ उचलणाऱ्यांच्या या कामाला जाखडीत (कोकणातल्या नाच-गाण्यात), गोंधळात झील धरणं म्हणतात. भजनवाले कोरस म्हणतात. काम एकच.

ते काम काय करतं, हे पखवाजावरून फार जवळून दिसतं, कारण वाजवणाऱ्याचं तोंड बुवाकडे असतं. आमच्या मंडळातल्या एकाची आई गावी वारली. तार मुंबईत पोचेपर्यंत तिकडे अग्नी देऊन झाला होता. गावी जाऊन दिवस करून तो परत आला आणि पहिल्याच भजनाला बुवा म्हणून बसला. दुसऱ्या कडव्यात त्याचा गळा दाटला आणि ओळ अर्ध्यात सुटली. कुणीही थांबलं नाही. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पाणी आणून दिलं नाही. कोरसने ती ओळ पुरी केली, पुन्हा ध्रुपद धरलं, आणि तेच ध्रुपद फिरवत राहिले. माझ्या शेजारचा झांजवाला डोळे मिटून वाजवत होता. बुवाची बोटं पेटीवरून हलली नव्हती, भाता चालूच होता. पुष्कळ आवर्तनं गेल्यावर त्याने मान वर केली आणि पुढचं कडवं घेतलं. भजन संपल्यावर त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही, चहा आला, माणसं रातपाळीला गेली.

तेव्हा गाण्याने दुःख हलकं होतं का? माझं उत्तर असं की ते कमी होत नाही, पण ते धरायला दुसरे हात मिळतात, आणि तेवढ्या वेळात माणूस श्वास घेऊन पुन्हा उभा राहू शकतो. दुसरे हात नसतील तर गाणं निम्मंच काम करतं. कधी कधी उलटंही करतं, जे तुमच्या बाबतीत रात्री होतंय.

गावच्या देवळातलं गाऱ्हाणं तुम्ही लहानपणी ऐकलं असेल. देवापुढे गुरव किंवा मानकरी एकेक मागणं बोलतो आणि जमलेली माणसं "होय महाराजा" म्हणतात. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांना सांभाळ, हे मागणं त्यात हमखास असतं. लेकरं तिथे नसतात, त्यांच्या वाटचा होकार गाव भरतं. मुंबईच्या खोलीतलं भजन हेच दुसऱ्या टोकाकडून करत होतं. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी पोचला की दोन्ही टोकं एका अंगणात यायची. मधे ढोलकी आणि शाहीर, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं, आणि जाखडी. जाखडीतले दोन प्रतिस्पर्धी पक्ष म्हणजे शक्तीवाले आणि तुरेवाले, त्यांचे सामने मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहातही रंगले, आणि कोकणची माणसं तिकीट काढून ते बघायला गेली.

हीच जाखडी एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांबरोबर समुद्रापार गेली. तिथे तिला झाकरी म्हणतात. आज तिथल्या मराठी घरांत रोजची बोली बहुतेक ठिकाणी क्रिओल आहे, तरी गणपतीत झाकरी होते. तुम्ही जर्मनीत आहात म्हणून हे मुद्दाम सांगतो. ज्या गाण्यात दहा जणांना काम आहे, ते गाणं घरातली भाषा बदलल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय. मला यातून फार धीर येतो.

थोडं तुमच्या आईकडच्या बाजूने बघू. गाव सुटण्याचा विषय निघाला की आपल्याला गिरणी आठवते, विमानतळ आठवतो, बीडकडून निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या आठवतात. पण महाराष्ट्रात सर्वांत जास्त माणसं गाव सोडतात ती लग्नाने, आणि त्या बहुतेक सगळ्या बायका. त्यांनी त्याचं गाणं जात्यावर केलं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्यावर दोघींचे हात, एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने शेवट धरायचा. माहेरची वाट, न्यायला येणारा भाऊ, आई गेल्यावर उंबऱ्यावर कुणी वाट बघणारं उरलं नाही ही जाणीव, सगळं त्या घरघरीत बोललं जायचं. दिवसा हेच बोलली असती तर सासुरवाशिणीला ऐकून घ्यावं लागलं असतं. ओवीत आणलं की ते गाणं होतं, आणि गाण्याला कुणी जाब विचारत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८० च्या दशकात या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऑनलाइन वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. एखादी संध्याकाळ काढून ऐका. बाई ओवी म्हणत असते आणि मागे दुसऱ्या बायांचे आवाज असतात, कुणी शब्द सुचवतं, कुणी शेवटची ओळ उचलतं, तिकडे कान द्या. तुमच्या आईला किंवा आत्याला येत असतील तर फोनवर विचारा. "मला काय येतंय" असंच आधी म्हणतील. पहिली ओवी तुम्ही वाचून दाखवा, दुसरी त्यांची त्या म्हणतील.

एकट्याचं दुःख चारचौघांचं कसं होतं, याचं मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण माझ्या मते अण्णा भाऊ साठ्यांचं. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला हा माणूस. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. 'माझी मैना गावाकडं राहिली' ही त्यांची छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाची रचना, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. सुरुवात होते गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने, मग निरोपाची घडी, मग मुंबई आणि तिथली विषमता, आणि शेवटी त्या ताटातुटीत खंडित महाराष्ट्र येऊन उभा राहतो, ज्याचे मुलूख तोडून बाहेर ठेवलेत. समोर मैदानात बसलेल्या हजारोंची मैना खरोखरच गावाकडे होती. अण्णा भाऊंनी ओळ टाकली आणि ती उचलायला मैदान तयार बसलं होतं. राजकीय गाणं म्हणून तिचं कौतुक होतं ते रास्तच आहे. पण मला ती आधी विरहाची रचना वाटते. पहिल्या भागात विरह खरा नसता तर शेवटचा भाग नुसती घोषणा झाला असता.

एवढं सांगून झाल्यावर दुसऱ्या गोष्टीकडे वळतो, जी तुमच्यासाठी झीलेइतकीच महत्त्वाची आहे. दुःखाला दिवस लागतो.

आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर महाराजांचा समाधी सोहळा असतो. समाधी १२९६ सालची. नामदेवांनी त्या निरोपाचे अभंग केले, आणि दरवर्षी त्या दिवशी ते कीर्तनात येतात. सातशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या दिवशी मंडपात लोकांच्या डोळ्यांना धार लागते. दुसऱ्या दिवशी हीच माणसं गाडी पकडून शेताकडे, कामाकडे जातात. तसंच ६ डिसेंबर. बाबासाहेब १९५६ साली गेले. त्या दुःखाची गाणी वामनदादा कर्डकांनी आणि कितीतरी गावोगावच्या गायकांनी केली, आणि दरवर्षी चैत्यभूमीवर आणि शिवाजी पार्कात लाखोंचा समुदाय जमतो तेव्हा रात्रभर ती कुठून ना कुठून ऐकू येत असतात. वामनदादा स्वतः सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, मुंबईत येऊन मजुरी केलेले. ज्यांना शाळा मिळाली नव्हती अशा लाखोंना त्यांची गाणी तोंडपाठ झाली. दोन्ही ठिकाणी जागा ठरलेली आहे, दिवस ठरलेला आहे, काय म्हणायचं तेही ठरलेलं आहे. त्यामुळे येणाऱ्याला फक्त यायचं असतं.

गिरणगावाला असा दिवस मिळाला नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. सुरू झाल्याची तारीख आहे, संपल्याची नाही. काही गावी गेले, काही फेरीवाले झाले, काही वॉचमन झाले. मग हळूहळू खोल्या विकून माणसं विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे गेली. ज्यांनी गाव सोडून गिरणगाव आपलंसं केलं होतं, त्यांचं ते दुसरं गावही गेलं. किती मंडळं मोडली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. टाळ वाटून घेतले गेले, मृदंग एखाद्याच्या माळ्यावर पडून राहिला, शाई सुटली. त्या तुटण्याचं गाणं म्हणावं तसं झालंच नाही, आणि मला ते आजही सलतं.

तरी माणसं गप्प बसली नाहीत. विरार, कर्जत, कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकलमध्ये भजनी मंडळं उभी राहिली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, पिशवीत टाळ, गळ्यात ढोलकी, आणि ढोलकी नसेल तर डब्याच्या पत्र्यावर ठेका. बोरिवलीला चढणारा अनोळखी माणूसही दांडीला लटकत कोरस देतो. दसऱ्याला डब्याला हार-तोरणं लावतात. काही प्रवाशांना त्या आवाजाचा त्रास होतो, त्यांची तक्रारही खरी आहे. पण खोली गेल्यावर खोलीचं काम लोकलच्या डब्याने केलं, हे मी विसरू शकत नाही. तुमचे वडीलही अशा एखाद्या डब्यात असतील. त्यांच्या सोबत्यांना विचारा.

आता वह्या. बुवाची वही उघडली की बहुधा असं दिसतं. पानाच्या वर 'चाल' लिहून एखाद्या सिनेगीताचा मुखडा, शेजारी पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला सा धरायचा ते, 'काळी चार' किंवा 'पांढरी पाच'. ध्रुपदापुढे 'ध्रु.' कडव्याच्या शेवटी दोन उभ्या रेघा. जिथे आवाज ओढायचा त्या अक्षरावर लांब आडवी रेघ. मधेच एखादं नाव, ज्याच्याकडून चाल घेतली त्याचं. आणि पुष्कळ ठिकाणी फक्त पहिले दोन शब्द लिहून पुढे टिंबं दिलेली असतात. पुढचं सगळ्या मंडळाला पाठ होतं, म्हणून लिहायची गरज नव्हती. त्या टिंबांतलं गाणं आज त्या माणसांच्या तोंडात आहे, वहीत नाही.

म्हणून क्रम असा धरा. पानांचे फोटो काढा, क्रमाने, कव्हरसकट. शुद्धलेखन सुधारू नका. 'रूप' ऱ्हस्व लिहिलंय की दीर्घ, याने काही बिघडत नाही. त्यांच्या हाताचं वळण आणि कुठे पेन बदललं तेही बघा, त्यावरून कुठली भजनं आधीची आणि कुठली नंतरची ते कळतं. मग मंडळातले जे कुणी हयात असतील त्यांना गाठा. पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, नालासोपाऱ्याच्या एखाद्या भाच्याला फोन घेऊन पाठवा. ही माणसं सत्तरी-ऐंशीतली आहेत, आणि कोकणातल्या जुन्या भजनांच्या चाली त्यांच्याबरोबर चालल्या आहेत. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद. फोन पेटीला चिकटून नको, नाहीतर भात्याचा फसफसाट येतो आणि शब्द जातात. आधी शब्द नुसते वाचून घ्या, मग चाल गुणगुणून घ्या, मग कोरसची ओळ वेगळी, आणि शेवटी सगळं एकत्र. कोरसची ओळ वेगळी घ्यायला लोक विसरतात. तुम्हाला तीच लागणार आहे.

सिनेमाच्या चालींवरून एक सांगतो, कारण कुणीतरी तुम्हाला नक्की म्हणेल की हे काही खरं भजन नव्हे, मूळ चालीत म्हणा. पारंपरिक चाली मलाही प्रिय आहेत, मी त्या शिकवतो. पण तुमच्या वडिलांनी गावचा अभंग आणि शहरात कानावर पडलेलं गाणं एकत्र बांधलं, ते त्यांच्या आयुष्याला धरूनच होतं. दोन्ही त्यांचंच होतं. वहीत जी चाल लिहिलीय त्याच चालीत म्हणा.

पेटीची काळजी घ्या. जर्मनीत हिवाळ्यात हीटर चालू असतो, हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, भाता आणि झडपा हवा सोडायला लागतात. हीटरजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. खोलीत थोडी ओल राहील असं बघा. आठवड्यातून एकदा तरी सगळ्या पट्ट्या दाबून हवा जाऊ द्या. बंद ठेवलेली पेटी वाजत्या पेटीपेक्षा लवकर बिघडते.

दुसरा आवाज कुठून आणायचा, हे तुम्हाला अवघड वाटत असेल. व्हिडिओ कॉलवर एकत्र भजन म्हणायचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि वैतागून सोडून देतात. आवाज पोचायला उशीर लागतो, आणि तो अगदी थोडा असला तरी ठेका मोडायला पुरतो. दोघांनी एकाच वेळी म्हणायचंच नाही. तिकडून सोबती ओळ म्हणतील, संपली की तुम्ही म्हणायची. टाळ-ठेका कुणीच धरायचा नाही. भजनाच्या रचनेतच आळीपाळी आहे, त्यामुळे हे जमतं. ख्यालाला किंवा समूहगीताला जमलं नसतं. सुरुवात हरिपाठापासून करा. ज्ञानदेवांचा हरिपाठ चाल साधी असलेला, एकाने म्हणायचा आणि बाकीच्यांनी ध्रुपद धरायचं असा आहे. तुमच्या घरात जोडीदार असेल, मूल असेल, त्यांना मराठी येत नसलं तरी ते ध्रुपद दोन दिवसांत येईल. शहरात मराठी मंडळ असेल तर गणपतीची वाट न बघता दोन घरं जमवा. चार माणसं पुरतात.

आणि दिवस ठरवा. वडिलांची तिथी आहेच, तो वर्षाचा. पण पहिल्या वर्षी महिन्यातली एक संध्याकाळ ठरवा, एकादशी धरा नाहीतर महिन्याचा पहिला रविवार. त्या संध्याकाळी म्हणायचं, रडायचं असेल तर रडायचं, मग पेटी झाकायची. इतर रात्री भजन ऐकावंसं वाटलं तर ऐका, पण दिवा लावून, आणि ध्रुपद स्वतः म्हणत. ओठ हलले पाहिजेत.

शेवटच्या वेळी पोचलो नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर फार बोलणार नाही, कारण बाहेरच्या माणसाने बोलून ते भरत नाही. एवढंच सांगतो की गावकीच्या खोलीतल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या बाबतीत हे झालं होतं. आई गंभीर असल्याची तार यायची, रजा मिळायची नाही, बोट किंवा एसटी गावी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. तुमच्या वडिलांबरोबरही कदाचित हेच झालं असेल. त्यांच्या सोबत्यांना त्यांच्या आईवडिलांच्या वेळचं विचारा. त्या सतरंजीवर बसून जे गात होते, त्यांतले निम्मे तरी उशिरा पोचलेले होते.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, कामावर जाणं अशक्य झालं असेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर भजनावर भिस्त ठेवू नका. तिथल्या डॉक्टरला लगेच गाठा आणि कुटुंबातल्या एकाला तरी सांगा. गाणं त्याच्या जोडीने चालू राहू शकतं, त्याच्या बदली नाही. आणि ज्या दिवशी म्हणावंसं वाटत नाही त्या दिवशी म्हणू नका, आपल्याकडे सुतकात वाद्य झाकून ठेवतात त्यात शहाणपण आहे.

गाता येत नाही, याची काळजी सोडा. झील धरायला गवई लागत नाही. वहीवर 'काळी चार' लिहिलं असेल तर ती पट्टी तुमच्या वडिलांच्या गळ्याची. तुम्ही काळी एक घ्या, तीही चढ वाटली तर पांढरी एक. पेटीवर सा धरून ठेवा, सोबत्याने टाकलेली ओळ ऐका आणि तशीच परत म्हणा, जागा घ्यायला जाऊ नका. कडवं त्यांना म्हणू द्या. पहिल्या महिन्यात एकच भजन. वहीतलं सर्वांत जास्त मळलेलं पान शोधा, तेच त्यांनी सर्वांत जास्त गायलेलं असणार. चाल लागत नसेल तर त्या पानाचा फोटो मला पाठवा, सिनेगीत जुनं असेल तर बहुतेक ओळखता येईल. पेटीच्या कुठल्या पट्ट्या अडकतायत तेही कळवा, भाता कसा तपासायचा ते लिहितो.